पाटी कोणाच्या नावावर?

आमच्या घरी पाहुणे आले की एक प्रश्न हमखास निघतो. "मुलगा काय करतो हल्ली?" आई चहाचा कप पुढे सरकवते आणि ठरलेले उत्तर देते, "कॉम्प्युटरचं काम करतो. घरूनच." पाहुणे मान डोलावतात आणि जरा हळू आवाजात विचारतात, "म्हणजे सध्या घरीच असतो का?"

2009 साली पुण्यातली नोकरी सोडून मी साताऱ्याला परत आलो. तेव्हापासून घरातल्या मागच्या खोलीत बसून लहान लहान व्यावसायिकांच्या वेबसाइट तयार करून देतो. कोणी कंदी पेढे करणारे, कोणी कासच्या रस्त्यावर दोन खोल्या पर्यटकांना देणारे, कोणी तबल्याचे क्लास घेणारे, तर कोणी कोकणातले आंबा बागायतदार. मोठ्या कंपन्या आमच्यासारख्यांकडे येत नाहीत, आणि आमची माणसे मोठ्या कंपन्यांकडे जाऊ शकत नाहीत. या दोघांच्या मधल्या फटीत आमच्यासारख्यांचा संसार चालतो. आज या धंद्यातली एक चूक सांगायची आहे. चूक माझीच आहे. पण तिच्यातून जे कळले ते, ज्यांचे छोटेसे दुकान, दवाखाना किंवा क्लास आहे अशा प्रत्येक घराला उपयोगी पडावे असे वाटते.

एकट्या माणसाचा कारखाना

हा व्यवसाय एकट्याने करता येतो यामागे थोडा इतिहास आहे. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये वेबची कल्पना मांडली आणि 30 एप्रिल 1993 रोजी त्या संस्थेने हे तंत्र सर्वांसाठी खुले केले. कोणी कोणाला एक पैसाही द्यायचा नाही! आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. पुढे 2003 मध्ये 'वर्डप्रेस' आले. तेही फुकट. त्याआधी प्रत्येक पान हाताने लिहावे लागे. मराठीचे हाल तर विचारूच नका. वाचणाऱ्याच्या संगणकावर आपला फाँट नसला की मराठी मजकुराच्या जागी भलतीच अक्षरे उमटत. युनिकोड रुळल्यावर ती कटकट मिटली.

तेव्हा भांडवल म्हणाल तर एक संगणक, विजेचा भरवसा आणि चिकाटी. यातली तिसरी गोष्ट सर्वांत महाग पडते. कारण लोकांना वाटते की या कामात अवघड भाग संगणकाचा असतो. तसे नाही. अवघड भाग माणसांचा असतो. "मजकूर उद्या देतो" म्हणणारे गृहस्थ चार महिन्यांनी मजकूर देतात, आणि तो असतो जुन्या माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला पेनाने लिहिलेला. फोटो येतात ते व्हॉट्सअ‍ॅपवरून, दाबून दाबून धूसर झालेले. काम संपत आले की "अहो, एवढंच जरा" सुरू होते. एवढेच जरा रंग बदला, एवढेच जरा आणखी एक पान घाला. एवढ्याएवढ्याने पंधरा दिवस जातात. आणि पैशांचा विषय निघाला की प्रत्येक घरात एक भाचा असतोच, जो हेच काम दोन हजारांत करून देणार असतो.

तरीही या कामात गोडी आहे. शेजारच्या पेठेत खानावळ चालवणाऱ्या एक ताई वेबसाइट करून घ्यायला आल्या होत्या. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे बाहेरगावाहून शिकायला आलेली मुले. मी त्यांना म्हटले, "ताई, तुम्हाला वेबसाइट नको. गूगलच्या नकाशावर खानावळीची जागा, वेळ आणि फोन नीट भरू या. त्याला पैसे लागत नाहीत." अर्ध्या तासाचे काम. त्यांनी पैशांऐवजी डबा पाठवला. त्यानंतर त्यांच्या शब्दावर माझ्याकडे तीन गिऱ्हाइके आली. शिंप्याचे किंवा सुताराचे असते तसेच हे आहे. जाहिरात कमी आणि शब्द जास्त.

पाटी, गाळा आणि फर्निचर

चूक समजण्यासाठी तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतील. वेबसाइट म्हणजे एक दुकान समजा. त्या दुकानाचे जे नाव आपण संगणकावर टाइप करतो, ते डोमेन. ती झाली दुकानावरची पाटी. वेबसाइट ज्या संगणकावर ठेवलेली असते ती जागा, म्हणजे होस्टिंग, हा झाला भाड्याचा गाळा. आणि आत जी पाने, चित्रे, मजकूर असतो ते झाले फर्निचर. फर्निचर पुन्हा करता येते. गाळा बदलता येतो. पण पाटी गेली की गिऱ्हाइकाला पत्ताच सापडत नाही.

ही पाटी कायमची विकत मिळत नाही. ती वर्षाच्या बोलीवर नोंदवावी लागते. साध्या नावाला वर्षाला हजार-बाराशे रुपये पडतात. मुदत संपण्यापूर्वी पैसे भरले नाहीत तर पाटी उतरते. आणि ज्याच्या खात्यातून ती नोंदवली असेल, व्यवहारात तोच तिचा धनी.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, ती नेमकी आंब्याच्या तोंडावर. वाशीच्या बाजाराचा भरवसा राहिला नव्हता आणि झाडावर फळ तयार होते. अनेक बागायतदारांनी त्या वर्षी पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत थेट पेट्या पोचवल्या. रत्नागिरीकडच्या अशाच एका बागायतदार काकांनी कोणाकडून तरी माझा नंबर मिळवला. "आठ दिवसांत करून द्याल?" मी सहा दिवसांत करून दिले. घाईत पाटी मी माझ्याच खात्यातून, माझ्याच ई-मेलवर नोंदवली. तीन वर्षांचे पैसे भरले आणि विसरून गेलो. काकांनी विचारले नाही, मीही सांगितले नाही. सगळ्याच गिऱ्हाइकांचे मी असेच करत होतो. सोय म्हणून. खोटे कशाला बोलू, मनाच्या एका कोपऱ्यात असाही हिशेब होता की पाटी आपल्याकडे असली म्हणजे गिऱ्हाईक कुठे जात नाही.

तीन वर्षे म्हणजे एप्रिल 2023. त्या महिन्यात वडिलांचे ऑपरेशन झाले आणि मी दवाखान्यातच होतो. मुदत संपत आल्याच्या सूचना येत होत्या. नियमाप्रमाणे साधारण महिनाभर आधी एक आणि आठवडाभर आधी एक अशा सूचना पाठवाव्याच लागतात. पण त्या येत होत्या माझ्या ई-मेलवर, आणि तो उघडायला मला सवड नव्हती. त्या वर्षी अक्षय्य तृतीया 22 एप्रिलला, शनिवारी होती. गुरुवारी सकाळी काकांचा फोन आला. "अहो, आपलं दुकान बंद दिसतंय. तिथं कसल्या तरी भलत्याच जाहिराती आहेत."

दवाखान्याच्या जिन्यात उभे राहून मी मोबाइलवरून पैसे भरले. मुदत संपल्यावरही काही दिवस नाव परत घेता येते. 'कॉम'वाल्या नावांना साधारणपणे महिना-दीड महिन्यापर्यंत सवलत मिळते. त्यानंतरचे तीस दिवस भरभक्कम दंड भरावा लागतो, आणि मग पाच दिवसांनी ते नाव कोणीही घेऊ शकतो. आम्ही वाचलो. पण पाटी सगळीकडे पुन्हा दिसू लागेपर्यंत शुक्रवारची संध्याकाळ झाली. वर्षातल्या सर्वांत मोठ्या मागणीचे दोन दिवस गेले होते. तयार झालेला हापूस काही सोमवारची वाट बघत नाही.

मी नुकसान भरून देण्याची भाषा केली. काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, "पैशाचं राहू द्या. वडील कसे आहेत?" मग थोडे थांबून म्हणाले, "बागेचा सातबारा माझ्या नावावर आहे. घराचा उतारा माझ्या नावावर आहे. पाटी तुमच्या नावावर होती, हे मला आज कळलं."

त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

कपाटातला कागद

वडील घरी आल्यावर मी यादी काढली. एकोणीस गिऱ्हाइकांच्या पाट्या माझ्या नावावर होत्या. एकेकाला फोन करून, त्यांचे खाते उघडून देऊन, पाटी त्यांच्या नावावर करायला चार महिने लागले. दोघांनी विचारले, "म्हणजे इतकी वर्षं आमची नव्हती?" पुष्कळांना ती झंझट नको होती. "तुमच्याकडेच राहू द्या हो, तुमच्यावर विश्वास आहे." मी त्यांना म्हणे, "विश्वास माझ्यावर ठेवा, पण कागद तुमच्याकडे ठेवा." एका ठिकाणी मूळ मालक वारले होते आणि मुलाला वेबसाइट आहे एवढेच माहीत होते. उद्या मलाच काही झाले असते तर या एकोणीस घरांनी कोणाकडे जायचे होते?

आता काम संपले की मी प्रत्येकाला एक छापील कागद देतो. पाटी कुठे नोंदवली, मुदत कधी संपते, गाळा कोणाकडे आहे, कोणत्या ई-मेलवर आणि फोनवर सूचना येतात. पासवर्ड मात्र कागदावर नाही. तो ज्याचा त्याने स्वतंत्र जपायचा. हा कागद घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात ठेवा, असे सांगतो.

फर्निचर कोणाचे, हाही प्रश्न आहेच. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम मालकाचे होते. पण बाहेरच्या स्वतंत्र माणसाकडून काम करून घेतले तर, वेगळा करार नसल्यास, पहिला हक्क सहसा करणाऱ्याचाच राहतो. पैसे दिले म्हणून तो आपोआप बदलत नाही. हक्क द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. हे बहुतेक गिऱ्हाइकांना माहीत नसते, आणि आमच्यातल्या बहुतेकांनाही नसते. दोन ओळी लिहून घेतल्या की पुढचे भांडण टळते.

आमची बाजू

इथवर वाचून कोणाला वाटेल की गिऱ्हाईक तेवढे भोळे आणि आम्ही लबाड. तसेही नाही. एका गिऱ्हाइकाने माझे अठरा हजार रुपये सात महिने अडकवले होते. साइट चालू होती, धंदा चालू होता, फक्त फोन उचलला जात नव्हता. पाटी माझ्या हातात होती. एका रात्री बोट बटणापर्यंत गेले होते. ती बंद केली असती तर पैसे सकाळी आले असते, आणि गावातला शब्द दुपारी गेला असता.

याला सरळ वाट आहे, ती मला उशिरा कळली. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा 2006 चा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असेल तर गिऱ्हाइकाने लेखी करारातल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. करार नसेल तर पंधरा दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. 'उद्यम' या नावाने ही नोंदणी 1 जुलै 2020 पासून ऑनलाइन होते आणि तिला फी नाही. एकट्या माणसालाही ती करता येते. ती केल्यापासून मी निम्मी रक्कम आधी घेतो, उरलेली साइट सुरू करताना, आणि दोन पानांचा मराठी करार करतो. "एवढंच जरा" किती वेळा फुकट, तेही त्यात लिहिलेले असते! गिऱ्हाईक हसते आणि सही करते.

हल्ली मला विचारतात, "आता तर मशीनच साइट बनवतं म्हणे. तुमचं काय होणार?" खरे आहे. चार वाक्ये सांगितली की कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने काही मिनिटांत पाने उभी करतात. मीही ती वापरतो. फर्निचर स्वस्त झाले आहे आणि आणखी होईल. पण खानावळीच्या ताईंना "तुम्हाला हे नकोच" असे सांगणारा कोणी तरी लागतो. पाटी कोणाच्या नावावर आहे हे विचारणारा लागतो. आणि सणाच्या तोंडावर दुकान बंद दिसले तर फोन उचलणारा लागतो. त्या कामाचे पैसे मागायला आम्हीच लाजतो, ही गोष्ट वेगळी.

काकांची पाटी आता त्यांच्या नावावर आहे. मुदतही त्यांनी बदलून घेतली. ती एप्रिलऐवजी जानेवारीत संपते, मोहोर धरलेला असतो तेव्हा. दर जानेवारीत त्यांचा फोन येतो. आधी वडिलांची चौकशी होते, मग यंदा मोहोर कसा आहे ते. आणि फोन ठेवता ठेवता ते न चुकता सांगतात, "नाव भरलं बरं का. मीच भरलं."