अंगावर येणारा फवारा

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारी माणसे दवाखान्यात येऊ लागली. डोळ्यांची आग, मळमळ, चक्कर, मग धाप. ऑक्टोबरपर्यंत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जणांवर उपचार झाले.

त्या वर्षी पऱ्हाटी कित्येक शिवारांत पुरुषभर वाढली होती आणि अळीने शेतकरी धास्तावले होते. एकाच पंपात दोन-तीन औषधे कालवली जात होती. पाठीवर पंप आणि फवारा डोक्याच्या वर, म्हणजे तुषार आधी तोंडावर, मग पानावर. सदरा भिजायचा आणि तो दिवसभर अंगावरच वाळायचा.

प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके. ती श्वासातून जातात तशीच कातडीतूनही भिनतात. मज्जातंतूचा संदेश पोचला की तो पुसून टाकणारे कोलिनेस्टरेज नावाचे विकर ती निकामी करतात. मग संदेश थांबतच नाही: घाम आणि लाळ सुटते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. अळी मरते तीही अशीच. ॲट्रोपिन वेळेवर मिळाले तर माणूस वाचू शकतो; पण नेमके कोणते विष हे डॉक्टरांना कळायला हवे, आणि मिश्रण फवारलेल्या मजुराला ते सांगता येतेच असे नाही.

मजुरांनी मास्क, हातमोजे घातले नाहीत, असा ठपका तेव्हा ठेवला गेला. मला तो अन्यायाचा वाटतो. विदर्भातल्या दमट उन्हात, रोजंदारीवर, अंगभर रबरी पोशाख घालून दिवसभर पंप मारून बघावा कुणीही. कीटकनाशकांविषयीची आंतरराष्ट्रीय आचारसंहिताच सांगते की, ज्यांना त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात अशी औषधे, विशेषतः उष्ण प्रदेशातल्या लहान शेतकऱ्यांच्या बाबतीत, टाळावीत. म्हणजे प्रश्न मजुराच्या बेपर्वाईचा कमी आणि दुकानात काय विकू दिले जाते याचा अधिक.

मोनोक्रोटोफॉसचेच पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ते ‘अत्यंत घातक’ वर्गात. २०१३ साली बिहारमधल्या छपऱ्याजवळच्या शाळेत माध्यान्ह भोजनातून तेच पोटात गेले आणि २३ मुले मेली. आपल्याकडे त्याच्या भाजीपाल्यावरील वापराला आधीच बंदी होती, पण कपाशीसाठी ते दुकानात मिळतच राहिले. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीची अधिसूचना निघाली ती २०२३ मध्ये; यवतमाळनंतर सहा वर्षांनी.

दगावलेल्यांची निदान मोजदाद झाली. वर्षानुवर्षे थोडे थोडे विष अंगात घेणाऱ्यांची होत नाही. कीटकनाशक नियम १९७१ चे. फवारणीच्या कामावरच्या माणसांची वेळोवेळी वैद्यकीय तपासणी आणि ऑर्गनोफॉस्फेट हाताळणाऱ्यांच्या रक्तातल्या कोलिनेस्टरेजची दरमहा चाचणी त्यांत सांगितलेली आहे. २०१७ साली यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या चाचणीची सोयच नव्हती.