एक पोरगं, दोन जर्सी : फुटबॉलमध्ये एकाच वेळी दोन संघांकडून खेळता येतं का?

शाळेची प्रॅक्टिस संध्याकाळी, ॲकॅडमीची सकाळी आणि रविवारी गल्लीतल्या मंडळाची मॅच. कोल्हापूर, गडहिंग्लजकडच्या फुटबॉलवेड्या घरांमध्ये १३-१४ वर्षांच्या पोरांचा आठवडा आता असाच जातो. पोरगं चांगलं खेळत असेल तर मागणी जास्त. एक कोच म्हणतो आमच्याकडे पाठवा, दुसरा म्हणतो फक्त स्पर्धेपुरतं नाव द्या. घरच्यांना वाटतं, दोन ठिकाणी खेळला तर दुप्पट शिकेल. त्यात एखादा फॉर्म येतो, वडील घाईत सही करतात आणि पोरगं दोन संघांच्या यादीत जाऊन बसतं.

गावाकडच्या टेनिस बॉल क्रिकेटमध्ये हे सर्रास चालतं. आज या गावाकडून, उद्या त्या गावाकडून, कुणी विचारत नाही. फुटबॉलमध्ये तसं नाही. इथे कागद बघितला जातो.

जागतिक संघटना फिफाचा नियम सरळ आहे. खेळाडूची नोंदणी एका वेळी एकाच क्लबकडे. एका हंगामात जास्तीत जास्त ३ क्लबकडे नोंदणी होऊ शकते, तीही एकामागून एक, आणि अधिकृत सामने साधारणपणे त्यातल्या २ क्लबकडूनच खेळता येतात. हा नियम फक्त पगार घेणाऱ्या मोठ्या खेळाडूंना आहे असं पुष्कळांना वाटतं. पण हौशी खेळाडूही त्यातच येतात. आपल्या देशात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची ऑनलाइन नोंदणी आहे. तिथे जन्मदाखल्यासह खेळाडूची माहिती भरली जाते आणि त्याचा ओळख क्रमांक तयार होतो. पूर्वी वहीतल्या यादीत दोन ठिकाणी नाव असलं तरी कुणाच्या ध्यानात येत नसे. आता कॉम्प्युटरवर ते दिसतं.

कोल्हापूरकरांना हे नवीन नाही. हंगामाच्या तोंडावर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, म्हणजे केएसएकडे, खेळाडूंची नोंदणी होते. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, कुणाकडे कोण गेलं याची चर्चा त्या दिवसांत प्रत्येक कट्ट्यावर असते. एकदा नोंद झाली की तो हंगाम त्या तालमीचा. सीनियर खेळाडूंच्या बाबतीत हे सगळ्यांना पाठ आहे. लहान पोरांच्या बाबतीत मात्र ‘त्याला काय होतंय, लहान आहे’ म्हणून सोडून दिलं जातं, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो.

मग शाळेकडून खेळायचं की नाही? खेळायचं. शाळेचे सामने वेगळ्या व्यवस्थेत होतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. सुब्रतो कप ही स्पर्धाही शाळांचीच. शाळेच्या संघात असणं म्हणजे दुसरा क्लब जॉइन करणं नव्हे. जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या संघात निवड झाली तर तोही क्लब धरला जात नाही. दुसऱ्या ॲकॅडमीत नुसतं शिकायला जाणं, सुट्टीतलं शिबिर करणं, यालाही नोंदणीच्या नियमाची आडकाठी नाही. पण काही ॲकॅडम्यांच्या फॉर्मवर स्वतःची अट असते, ती वाचायला हवी.

अडचण होते ती एकाच संघटनेच्या स्पर्धांमध्ये दोन क्लबच्या यादीत नाव गेलं की. आणि मधली एक जागा आहे, ती सगळ्यात निसरडी. एखादं मंडळ सेव्हन-ए-साइड स्पर्धा भरवतं, बक्षीस मोठं असतं, पोराला ‘फक्त दोन दिवस’ बोलावलं जातं. ती स्पर्धा मान्यताप्राप्त आहे का, ज्या क्लबकडे नोंद आहे त्याची परवानगी लागते का, हे आधी विचारायला पाहिजे. तोंडी ‘चालतंय की’ यावर विसंबून राहू नये. क्लबच्या सचिवाकडून व्हॉट्सॲपवर का होईना, पण लिहून घ्यावं.

पकडलं गेलं तर भोगावं लागतं ते सगळ्या संघाला. अपात्र खेळाडू खेळवला की सामना ३-० ने हरल्याचं धरायचं, ही फिफाच्या शिस्तीच्या नियमातली पद्धत आहे आणि स्थानिक स्पर्धांतही असे सामने प्रतिस्पर्ध्याला बहाल होतात. वर खेळाडूवर बंदी येऊ शकते. सही केली मोठ्यांनी, यादीत घातलं कोचने, आणि बाकावर बसायचं १४ वर्षांच्या पोरानं. वरून बाकीची दहा पोरं त्याच्याकडे बघणार, ते वेगळंच.

आता शरीराचं. नियमापेक्षा हा भाग जास्त महत्त्वाचा आहे, कारण नियमातून कधीकधी सुटका होते, गुडघ्यातून होत नाही.

समजा, १४ वर्षांचं पोरगं शाळेत आठवड्यातून ५ संध्याकाळी दीड-दीड तास खेळतं. ते झाले साडेसात तास. ॲकॅडमीत ४ सकाळी दीड-दीड तास, म्हणजे ६ तास. रविवारच्या दोन मॅच वॉर्मअप धरून अडीच तास. एकूण १६ तास. क्रीडावैद्यक डॉक्टर एक सोपा अंदाज सांगतात : मुलाचं जितकं वय, त्यापेक्षा जास्त तास आठवड्याला शिस्तबद्ध सराव आणि सामने नकोत. या पोराचे दोन तास जास्त झाले, शिवाय शाळेला सायकलने जाणं आणि शेतातलं काम मोजलंच नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर आठवड्यातून किमान १ दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षातून मिळून २-३ महिने त्या खेळापासून विश्रांती द्यायला सांगते.

वाढत्या वयात हाडाच्या टोकाला कूर्चा असते, ती पक्की झालेली नसते. स्नायूंची ताकद आणि ओढ वाढते आणि ती ओढ या कच्च्या जागेवर येते. म्हणून या वयात दोन दुखणी फुटबॉल खेळणाऱ्या पोरांत वारंवार दिसतात. एक, गुडघ्याच्या वाटीखाली दुखणं आणि तिथे टेंगूळ येणं. दुसरं, टाचेच्या मागच्या बाजूला दुखणं, इतकं की पोरगं सकाळी चवड्यावर चालतं. घरात म्हणतात, ‘वाढीचं दुखणं आहे, जाईल.’ वेळेत विश्रांती दिली तर बहुतेकांचं जातंही. पण दोन संघ असले की विश्रांती देणार कोण? शाळेचे सर म्हणतात ॲकॅडमीत कमी कर, ॲकॅडमीचा कोच म्हणतो शाळेत कमी कर. दोघांनाही दुसऱ्याकडे किती खेळला हे माहीत नसतं. पोरगं तर सांगणारच नाही, संघातून नाव जाईल ही भीती. तेव्हा लक्ष घरच्यांनीच ठेवायचं. पोरगं लंगडताना दिसलं, एकाच जागी दोन आठवडे दुखतंय, किंवा पेनकिलर घेऊन मॅचला निघालंय, तर खेळ थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे न्यायचं. दुखऱ्या जागेवर तेल चोळून पुन्हा मैदानात पाठवणं हा उपाय नाही.

एकाच क्लबकडे नीट नोंद असण्यात पैशाचाही मुद्दा आहे, तो गावाकडच्या क्लबांना फारसा ठाऊक नसतो. खेळाडू पुढे व्यावसायिक झाला आणि करार संपण्याआधी पैसे मोजून परदेशी क्लबने त्याला घेतलं, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला वयाच्या १२ ते २३ या काळात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक हंगामाला एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. म्हणजे व्यवहार १ कोटीचा असेल, तर ते चार हंगाम ज्या छोट्या क्लबकडे गेले त्याला १ लाख रुपये. हे पैसे ठरतात ते नोंदीवरून. मुलगा वर्षभर तुमच्या मैदानावर घाम गाळत होता आणि नोंद भलत्याच ॲकॅडमीकडे होती, तर तुमच्या हाती काही नाही. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. तिथवर पोचणारी पोरं थोडी, पण ती निघतात याच मैदानांतून.

पालकांनी सही करताना काय बघायचं? फॉर्म शिबिराचा आहे, स्पर्धेचा आहे की क्लब नोंदणीचा, हे आधी. मुदत किती हे त्यानंतर. १८ वर्षांखालील खेळाडूशी ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा व्यावसायिक करार फिफाच्या नियमात बसत नाही, त्यामुळे कुणी ५ वर्षांचा कागद पुढे केला तर तिथेच थांबायचं. कोरा फॉर्म भरून देऊ नये. जन्मदाखल्यावरची आणि आधारवरची जन्मतारीख एकच आहे ना, हे एकदा तपासावं. तारीख जुळत नसेल तर दोन क्लबचा प्रश्न लांबच, एका क्लबकडची नोंदसुद्धा अडकते.

क्लब बदलायचा असेल तर जुन्या क्लबला न सांगता दुसरीकडे सही करू नका. आधी जुन्या क्लबकडे लेखी अर्ज, मग बदल नोंदवण्याच्या ठरलेल्या दिवसांत नवी नोंद. आधीच दोन ठिकाणी सही झाली असेल तर पहिली मॅच खेळण्याआधी दोन्ही क्लबना आणि जिल्हा संघटनेला कळवा. सामना झाल्यावर सांगितलं तर ती तक्रार होते, आधी सांगितलं तर दुरुस्ती. भरलेल्या प्रत्येक फॉर्मचा फोटो मात्र सही केल्या केल्या मोबाइलमध्ये काढून ठेवा.