तान्ह्या बाळाचं नाव 'म्हातारा'

इस्रायलच्या माजी पंतप्रधान गोल्डा मेयर यांचं नाव आपल्याकडच्या जुन्या पिढीला चांगलं ठाऊक आहे. १९६९ ते १९७४ या काळात त्या पंतप्रधान होत्या. गोल्डा म्हणजे सोनं. आपल्या सोनाबाईसारखंच नाव. गंमत अशी की, हे नाव इस्रायलच्या हिब्रू भाषेतलं नाही, ते यिडिश भाषेतलं आहे. १८९८ साली कीव्ह शहरात त्यांचा जन्म झाला, तेव्हा त्यांच्या घरात हीच भाषा बोलली जाई.

यिडिशचा जन्म सुमारे हजार वर्षांपूर्वी ऱ्हाइन नदीकाठच्या ज्यू वस्त्यांत झाला. बांधणी जर्मन वळणाची, लिपी हिब्रू आणि पुढे पोलंड-रशियाकडे सरकताना उचललेले तिकडचे शब्द, असा तिचा संसार. दुसऱ्या महायुद्धापूर्वी एक कोटीहून अधिक लोक ती बोलत होते.

या समाजात मुलाला बहुधा दोन नावं असत. आठव्या दिवशी सुंता होताना मिळे ते पवित्र नाव, हिब्रू भाषेतलं. प्रार्थनामंदिरात धर्मग्रंथाच्या वाचनासाठी त्याला याच नावानं, बापाच्या नावासह, पुकारलं जाई. घरात आणि बाजारात मात्र दुसरं, यिडिश नाव चाले. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजाचा यिडिशशी संबंध नाही, त्यांची भाषा मराठी. पण धर्मकार्यात अब्राहम आणि गावात अबाजी, धर्मकार्यात सॅम्युएल आणि गावात समाजी, अशी सोय त्यांनीही केली होती.

यिडिशमध्ये पुष्कळदा ही दोन नावं जोडूनच येतात. त्स्वी-हिर्श यातला त्स्वी म्हणजे हिब्रूत हरीण आणि हिर्श म्हणजे यिडिशमध्येही हरीणच! अर्ये-लेब म्हणजे सिंह-सिंह, दोव-बेर म्हणजे अस्वल-अस्वल, झेएव-वोल्फ म्हणजे लांडगा-लांडगा. मुलाला लांडगा का म्हणावं, असं आपल्याला वाटेल. त्याचं मूळ बायबलमध्ये आहे. मरणशय्येवरचा याकोब आपल्या मुलांना आशीर्वाद देताना यहूदाला सिंहाची, नफतालीला हरिणीची आणि बन्यामीनला लांडग्याची उपमा देतो. म्हणून यहूदा-लेब, नफताली-हिर्श, बन्यामीन-वोल्फ अशा जोड्या रूढ झाल्या. ज्यू राष्ट्राची चळवळ उभारणारे थिओडोर हर्झल यांचं हिब्रू नाव बन्यामीन झेएव होतं, ते याच परंपरेतलं. याकोबाच्या आणखी एका मुलाची, इस्साखारची, जरा पंचाईत होती. त्याला उपमा मिळाली होती गाढवाची. ते नाव पोराला कोण ठेवील? लोकांनी इस्साखारच्या जोडीला अस्वल आणून बसवलं आणि इस्साखार-बेर हे नाव सुखानं नांदू लागलं.

मुलींचा प्रकार वेगळा. त्या काळी धर्मग्रंथाच्या वाचनासाठी बायकांना बोलावत नसत. त्यामुळे मुलीला हिब्रू नाव हवंच, असा आग्रह नव्हता. आईला, आजीला जे गोड वाटलं ते ठेवलं. फेगल म्हणजे पाखरू, शेंडल म्हणजे सुंदर, गिटल म्हणजे चांगली, ब्लूमा म्हणजे फूल, फ्रेडा म्हणजे आनंद. विद्वानांनी या नावांना फारशी किंमत दिली नाही, पण मला तीच अधिक बोलकी वाटतात. बेले हे फ्रेंचच्या जवळचं नाव, अर्थ सुंदर. टोल्त्से हे इटालियनमधल्या 'दोल्चे'वरून, म्हणजे गोड. श्प्रिंत्से म्हणजे आशा; स्पॅनिशमधलं 'एस्पेरान्सा' किंवा इटालियनमधलं 'स्पेरान्झा' यिडिश तोंडात घोळून असं झालं. झ्लाटे, डोब्रे, चार्ने म्हणजे सोनं, चांगली, काळी. ही स्लाव्ह भाषांमधून आली. हा समाज कुठून निघाला आणि कुठे पोहोचला, ती वाट बायकांच्या नावांत उमटली आहे.

येंटे या नावाचं मात्र वाईट झालं. मूळ अर्थ कुलीन, सुशील. पण विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या एका यिडिश दैनिकात येंटे नावाच्या भांडखोर बाईवरचं विनोदी लेखन अफाट गाजलं. मग १९६४ च्या 'फिडलर ऑन द रूफ' या संगीतिकेतल्या लग्नं जुळवणाऱ्या बाईलाही तेच नाव दिलं गेलं. आज अमेरिकेत येंटे म्हणजे चोंबडी बाई.

या समाजात जिवंत माणसाचं नाव मुलाला देत नाहीत, गेलेल्या आजी-आजोबांचं देतात. आणि मुलं जगत नसतील तर? आपल्याकडे धोंडू, दगडू, केरू ही नावं कशी पडली, ते सांगायला नको. यिडिश घरात अशा तान्ह्या मुलाचं नाव ठेवत आल्टर, म्हणजे म्हातारा. मुलगी असेल तर आल्टे. मृत्यूचा दूत बाळ शोधत येईल, हाक ऐकेल म्हाताऱ्याची आणि फसून परत जाईल! मोठा माणूस अत्यवस्थ झाला तर त्याच्या नावाला खाइम, म्हणजे जीवन, हे नाव जोडत. यामागे शास्त्राधारही होता. दानधर्म, प्रार्थना, नाव बदलणं आणि आचरण बदलणं या चार गोष्टींनी माणसाच्या विरुद्धचा निवाडा फाटतो, असं तालमूद ग्रंथात म्हटलं आहे.

पुढे असा निवाडा आला, की ज्यात नावच पकडलं गेलं. १७ ऑगस्ट १९३८ रोजी नाझी सरकारनं हुकूम काढला. सरकारी यादीतलं 'ज्यू' नाव नसेल त्या प्रत्येक ज्यू पुरुषानं आपल्या नावापुढे इस्राएल आणि स्त्रीनं सारा हे नाव १ जानेवारी १९३९ पासून लावायचं. त्या यादीत शेंडल होती, श्प्रिंत्से होती. आजीनं कौतुकानं ठेवलेली नावं सरकारी कागदावर शिक्के होऊन बसली. नंतर मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंपैकी बहुसंख्य यिडिश बोलणारे होते.

वाचलेले इस्रायलला गेले, तिथं नव्या हिब्रूचा जोर होता. गोल्डाची झेहावा झाली, फेगलची त्सिपोरा झाली. अर्थ तोच, पण आजीची हाक गेली. गोल्डाबाईंनी १९५६ मध्ये परराष्ट्रमंत्री होताना मेयरसन हे आडनाव बदलून मेयर केलं, पहिलं नाव मात्र तसंच ठेवलं. नोबेल विजेते कथाकार आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांनी तर आईचंच नाव घेतलं. आई बाथशेबा, घरात बाशेवे. तिचा तो बाशेव्हिस. थोरला भाऊही लेखक असल्यामुळे वेगळं नाव हवंच होतं.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या हसिदी ज्यू वस्त्यांत आजही मुलं यिडिश बोलतात. तिथं मुलीचं नाव ठेवताना घरातल्या बायका गेलेल्या आज्या-पणज्या आठवतात आणि नवी गिटल, नवी फेगल पाळण्यात येते.