गुन्हा एकाचा, संशय अख्ख्या जमातीवर

धाराशिव, कळंब, तुळजापूर या भागात गावाबाहेरच्या पारध्यांच्या वस्तीला ‘पिढी’ म्हणतात. आसपास चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी इकडेच वळते, ही पिढीवरच्या लोकांची जुनी तक्रार.

याचं मूळ १८७१च्या ब्रिटिश कायद्यात आहे. त्यानं अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. अशा जमातीत जन्मलेलं मूल पाळण्यातच संशयित ठरलं. शेजारच्या सोलापुरात अशी कुटुंबं तारेच्या कुंपणात डांबली होती. त्या भागाचं ‘सेटलमेंट’ हे नाव आजही टिकून आहे. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा रद्द झाला, या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या, पण पोलीस ठाण्यातली नजर बदलली नाही.

त्याच वर्षी धनेगावात लक्ष्मण गायकवाड जन्मले. आज लातूर जिल्ह्यात असलेलं हे गाव तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात होतं. चोर म्हणून हिणवलेल्या घरातला हा मुलगा शिकला आणि त्याच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीत सामाजिक कार्यकर्ते गिरीश प्रभुणे आणि सहकाऱ्यांनी भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी निवासी शाळा उभी केली. ही मुलं कुणाची, हे न बघता त्यांना शिकवता येतं, हे तिथं रोज दिसतं.

जमात बघून माणूस धरला की काय होतं, ते महाराष्ट्रातल्याच एका खटल्यानं दाखवलं. २००३मध्ये दरोडा पडला, एका कुटुंबातले पाच जण मारले गेले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढं सिद्ध झालं. मार्च २०१९मध्ये त्याच न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. वाचलेल्या साक्षीदार बाईनं पोलिसांच्या अल्बममधले चार वेगळेच चेहरे ओळखले होते; त्या चौघांचा माग कुणी काढलाच नाही. सहा निरपराधांची सोळा वर्षं गेली, आणि ज्यांची माणसं मारली गेली त्यांनाही न्याय मिळाला नाही.

३ ऑक्टोबर २०२४ला तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांनाही बजावलं: विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक करू नका. आता धाराशिवच्या प्रत्येक ठाण्यात, गाडी पिढीकडे निघण्याआधी, विशिष्ट माणसाविरुद्ध कोणता पुरावा आहे, हे विचारलं गेलं पाहिजे.