ब्लॅक बुकच्या आधीचा पेपर

पदवीच्या प्रवेशावेळी विद्यार्थी सगळा विचार करतो तो मेजरचा, म्हणजे मुख्य विषयाचा. एईसी (भाषा), ओई (खुला वैकल्पिक विषय), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य) अशा उरलेल्या रकान्यांत शेजारच्या मित्राने जे भरले तेच तो भरतो. पनवेलमध्ये महात्मा फुले महाविद्यालय असो, चांगू काना ठाकूर असो की पिल्लई, नव्या शैक्षणिक धोरणाने हे रकाने सगळीकडे आणले आहेत. राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि इतरांत २०२४-२५ पासून ही रचना लागू झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. एईसी म्हणजे भाषेचे पेपर, त्यांना त्यात ८ क्रेडिट आहेत. चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ घेणाऱ्याला १२ क्रेडिटचा शोधप्रकल्प करावा लागतो. महाविद्यालयागणिक तक्ता थोडा बदलतो, म्हणून आपल्याच महाविद्यालयाचा तक्ता पाहावा. पण हे आठ आणि ते बारा विद्यार्थी वेगवेगळ्या खात्यांत मांडतात, तिथेच त्यांचा हिशेब चुकतो. भाषेचा पेपर ही त्या प्रकल्पाची पहिली पायरी आहे.

हे पटवायला पनवेलसारखे गाव नाही. १९७० साली नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली तेव्हापासून या परिसरातली जमीन सतत हात बदलत आली आहे. भातशेती गेली, खाजणे भरली गेली, विमानतळासाठी अख्खी गावे हलली. साडेबारा टक्के आणि साडेबावीस टक्के हे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या भूखंडाचे आकडे इथल्या घरांत गणितापेक्षा कहाणीच्या रूपाने जास्त सांगितले जातात. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, वाणिज्य, पर्यावरण, कोणताही मेजर घ्या, विषय दाराशी उभा आहे. प्रश्न आहे तो विचारण्याचा. ‘विस्थापनपश्चात आपल्या उपजीविकेच्या साधनांत कोणते बदल झाले?’ असे इंग्रजीतून उलटे केलेले वाक्य उलव्याच्या आजीसमोर ठेवले तर ती ‘बरं आहे’ म्हणेल आणि विद्यार्थी ‘समाधानी’च्या चौकटीत खूण करील. तिलाच ‘जमीन गेल्यावर पहिल्या वर्षी घर कशावर चाललं?’ असे विचारले, तर मोबदल्याचे पैसे कुठे गेले, तांदूळ विकत आणायला कधी लागला, कोणता मुलगा कुठे कामाला लागला, हे सगळे बाहेर येईल. आगरी, कोळी, कातकरी घरांतली बोली ज्याला समजते त्याच्याकडे महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा मोठे साधन आहे. मात्र नुसती समजून भागत नाही. ऐकलेले नेमके टिपता यावे, बोलणाऱ्याचे म्हणणे आणि आपले मत वेगळे ठेवता यावे, दोन पानांचा गोषवारा करता यावा. मराठीच्या पेपरातून नेमके हेच शिकता येते, शिकवणाऱ्याने आणि शिकणाऱ्याने मनावर घेतले तर.

सध्या बहुतेक ठिकाणी चित्र उलटे दिसते. प्रश्नावली गूगल फॉर्मवर जाते, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात फिरते, पन्नास मित्र ती भरतात आणि पनवेलच्या ग्राहकांबद्दलचे निष्कर्ष त्या पन्नासांवरून निघतात. आधीच्या बॅचच्या ब्लॅक बुकमधले, म्हणजे बांधून सादर केलेल्या प्रकल्प-अहवालातले, संदर्भाचे प्रकरण नाव बदलून चिकटवले जाते, हल्ली ते यंत्राकडूनही लिहून घेतात. याला निव्वळ आळस म्हणणे सोपे आहे. मुळात ज्याला स्वतःच्या शब्दांत एक परिच्छेद लिहिण्याचा सराव नाही, त्याने उसने वाक्य घेतले नाही तरच नवल. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत शोधलेखनातले १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाविना सुटते. त्यापुढे पातळीनुसार शिक्षा वाढत जाते. पण टक्के मोजणारे यंत्र शब्दांची चोरी पकडते, विचारांची टंचाई पकडत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: नोकरी इंग्रजीवर मिळते, संदर्भग्रंथही इंग्रजीत, मग मराठीत वेळ का घालवायचा? यातला अर्धा भाग खरा आहे. इंग्रजीचा पेपर तितक्याच गांभीर्याने घ्यावा आणि प्रबंध इंग्रजीत लिहायचा असेल तर खुशाल लिहावा. पण माहिती जिथून येते ती जागा मराठी बोलते, आणि भाषांतराआधी मूळ हाती असावे लागते. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली काढला, तो गावोगावच्या दप्तरांतले मोडी लिपीतले कागद वाचता येत होते म्हणून. मोडी वाचण्याला तेव्हाही कुणी ‘प्लेसमेंट’साठी उपयोगी म्हटले नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. कर्जत-पेणहून गाडीने येणाऱ्या, संध्याकाळी काम करणाऱ्या मुलाने चौथे वर्ष आणि प्रबंध कशासाठी करावा? उत्तर असे, की प्रत्येकाने करू नये. तीन वर्षांची पदवी पूर्ण पदवी आहे. चौथ्या वर्षीही प्रबंधाऐवजी पेपर घेऊन साधा ऑनर्स करता येतो. संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आणि त्याचे खरे फळ पुढे पीएच. डी.कडे जाणाऱ्याला मिळते, कारण आयोगाच्या २०२२ च्या पीएच. डी. नियमांनी ७५ टक्क्यांसह चार वर्षांची पदवी घेतलेल्याला एम. ए.विना प्रवेशाची वाट मोकळी केली. ही वाट हवी की नको हे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवून चालत नाही. टक्के पहिल्या सत्रापासून मोजले जातात, आणि लिहिण्याचा हातही तेव्हापासूनच बसवावा लागतो.

तेव्हा पहिल्या वर्षी भाषेचा पेपर निवडताना ‘यात मार्क सुटतात का’ यासोबत ‘यात लिहून घेतात का’ एवढे विचारावे. फील्ड प्रोजेक्ट आला की गाढी नदीचा काठ, तळोजा एमआयडीसीच्या दारातला चहावाला किंवा आपल्याच गावठाणातली दहा घरे निवडावीत, आणि प्रश्नावली छापण्याआधी ती घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला मोठ्याने वाचून दाखवावी. जिथे तो ‘म्हणजे काय?’ विचारील, ते वाक्य पुन्हा लिहावे.