नाण्यावर साल १७८०, पण नाणं पाडलं मुंबईत? आजोबांच्या पेटीतली ‘ती बाई’ नेमकी कोण?

सोशल मीडियावर असा फोटो तुम्हीही पाहिला असेल. तळहातावर काळपट पडलेलं मोठं चांदीचं नाणं आणि खाली प्रश्न, ‘आजोबांच्या पेटीत सापडलं, कुठलं आहे? किती मिळतील?’ कमेंटमध्ये बहुतेक जण सांगतात, व्हिक्टोरिया राणी. मग एखादा येतो आणि म्हणतो, लाखोंत जाईल, डीएम कर.

आपल्याकडे जुन्या नाण्यावर बाई दिसली की ती व्हिक्टोरियाच, हे जणू ठरलेलं आहे. पण व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया असतो ११.६६ ग्रॅमचा. तुमचं नाणं काट्यावर २८ ग्रॅमच्या आसपास भरलं, रुंदी जवळपास ४ सेंटिमीटर असली आणि बाईच्या डोक्यावरून पदरासारखं वस्त्र मागे गेलेलं असलं, तर ही बाई वेगळीच आहे.

ती आहे ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा आणि नाण्याचं नाव ‘थालर’. (आजचा ‘डॉलर’ हा शब्द याच थालरवरून आलाय.) डोक्यावरचं ते वस्त्र विधवेचं. तिचा नवरा १७६५ मध्ये वारला, त्यानंतरचं हे रूप. मागच्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड आणि कडेच्या लिखाणाच्या शेवटी साल, १७८०.

आता खरी गंमत इथे आहे. मारिया थेरेसा २९ नोव्हेंबर १७८० ला वारली. पण तोवर तिचं नाणं तांबड्या समुद्राच्या आसपासच्या व्यापाऱ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यांना दुसरा चेहरा नकोच होता. येमेनची कॉफी याच नाण्यांवर विकली जायची. म्हणून टांकसाळींनी तोच चेहरा आणि तेच साल ठेवून नाणी पाडणं चालू ठेवलं. व्हिएन्ना, मिलान, व्हेनिस, पुढे रोम, लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स... सगळीकडे १७८० च.

या यादीत आपली मुंबईही आहे. १९३५ मध्ये मुसोलिनीच्या इटलीने इथिओपियावर हल्ला केला. तिथे हेच नाणं चालायचं, म्हणून इटलीने ऑस्ट्रियाकडून त्याचे ठसे मिळवले. मग ब्रिटिशांनीही लंडनमध्ये थालर पाडायला सुरुवात केली. दुसरं महायुद्ध पेटल्यावर, १९४०-४१ मध्ये, हे काम मुंबईच्या टांकसाळीतही झालं. म्हणजे १७८० लिहिलेलं नाणं फोर्टमध्ये पाडलेलं असू शकतं आणि तरीही ते नकली नसतं!

मग खरं-खोटं कसं बघायचं? आधी नाण्याची कड बघा. तिथे रेघा नाहीत, उठावदार लॅटिन अक्षरं असतात, ‘युस्टिटिया एट क्लेमेंटिया’, म्हणजे न्याय आणि दया. साच्यात ओतलेल्या नकली नाण्यावर ही अक्षरं बुजलेली दिसतात किंवा कडेला सांधा सापडतो. चेहऱ्याच्या खाली ‘एस. एफ.’ ही दोन अक्षरं हवीत. ती ग्युन्झबुर्ग टांकसाळीच्या दोन अधिकाऱ्यांच्या नावांची. खांद्यावरच्या ब्रोचभोवतीचे मोतीही बघा, जुने व्यापारी ते बघूनच नाणं घ्यायचे. नाणं कुठल्या टांकसाळीचं, हे जाणकार हे मोती आणि गरुडाच्या शेपटीची पिसं बघून ठरवतात. ते आपलं काम नाही, ते त्यांच्यावर सोडा.

घरी करता येईल अशी एक परीक्षा मात्र आहे. पॉइंटमध्ये वजन दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काट्याने २.७ ते २.८ ग्रॅमच्या आसपास दाखवायला हवं. थालरमध्ये ८३३ टच चांदी, बाकी तांबं, त्याचा हा हिशेब. आकडा ३ च्या वर गेला तर धातू हलका आहे, चांदीबद्दल शंका घ्या. (चुंबकाला चिकटलं तर एवढा खटाटोपही नको.)

दुसरंच एखादं नाणं असेल तर वाचता येतील तेवढी अक्षरं, वजन आणि रुंदी ‘न्यूमिस्टा’ या कॅटलॉगमध्ये टाकून बघा. गूगल लेन्स चालतं, पण ते वजन करत नाही. नकली नाण्यालाही ते तेच नाव सांगेल.

किमतीचं बोलायचं तर नंतरच्या काळात पाडलेल्या बहुतेक थालरची किंमत त्यातल्या साधारण २३.४ ग्रॅम चांदीभोवतीच फिरते. १७८० चं अस्सल ग्युन्झबुर्गचं नाणं वेगळं, पण ते क्वचितच मिळतं. लॉकेट करायला कडी डाकली असेल तर संग्राहक भाव आणखी पाडतात. आणि कृपा करून चिंच, रांगोळी लावून घासू नका, काळपटपणा गेला की किंमतही जाते.

राहिला तो डीएमवाला. तो आधी ‘रजिस्ट्रेशन फी’ मागेल, मग टॅक्स, मग कमिशन. कधी रिझर्व्ह बँकेचं नावही पुढे करेल. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात ती पडत नाही, फी किंवा कमिशन मागत नाही आणि कोणालाही तसं करायला सांगितलेलं नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.