रापण

मध्यरात्र उलटून गेली आहे. मालवणच्या किनाऱ्यावर माडांच्या झावळ्या वाऱ्याने सळसळत आहेत. लाटा वाळूवर फुटत आहेत व फेसाची पांढरी रेघ तेवढी अंधारात दिसत आहे. अशा वेळी चार-पाच माणसे किनाऱ्यावर उभी राहून समुद्राकडे टक लावून पाहत आहेत. त्यांनी कंदीलसुद्धा पेटविलेला नाही. मुलांनो, ही माणसे अंधारात काय बरे पाहत असतील? ती पाहत आहेत पाण्यातला उजेड!

समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना सहज न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव असतात. त्यांपैकी काही जीव पाणी ढवळले गेले, की क्षणभर निळसर प्रकाश देतात. माशांचा थवा पाण्यातून जाऊ लागला म्हणजे हे जीव चमकतात आणि अंधारात थव्याची वाट उजळून निघते. म्हणूनच रात्रीच्या मासेमारीला चांदण्यापेक्षा काळोख बरा. शिवाय काळोखात माशांना जाळेही चटकन दिसत नाही.

माशांप्रमाणे भरतीचीही वेळ ओळखावी लागते. कारण भरतीच्या पाण्याबरोबर पुष्कळ मासे किनाऱ्याजवळ येतात. त्यासाठी आपल्याकडे एक जुना हिशेब आहे. तिथीचा अंक घेऊन त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या सुमारास पूर्ण भरती. शुद्ध चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनच्या व पुन्हा दुपारी तीनच्या सुमारास भरती येणार. त्या रात्री चंद्रही लवकर मावळतो. घड्याळ नसले तरी ज्याला तिथी ठाऊक, त्याला समुद्राची वेळ ठाऊक!

किनाऱ्यावरून ओढावयाच्या प्रचंड जाळ्याला 'रापण' म्हणतात. गोव्यात त्यालाच 'रांपण' असे नाव आहे. रापण लावण्यास किनारा वाळूचा, उथळ व खडकाविना असावा लागतो. नाहीतर जाळे अडकून फाटते. जाळ्याच्या वरच्या कडेला तरंगणारे बोये व खालच्या कडेला वजने बांधलेली असतात. त्यामुळे जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. मध्यभागी बारीक विणीची खोळ असते. पूर्वी ही जाळी सुताची असत व ती वरचेवर वाळवावी लागत. आता ती नायलॉनची असतात.

थवा दिसला, की जाळे भरलेली होडी लाटांत लोटतात. हे काम मोठे जोखमीचे. लाट आडवी लागली तर होडी उलटावयास वेळ लागत नाही. म्हणून होडीचे तोंड सदैव लाटेकडे ठेवतात. जाळ्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावरील माणसांच्या हाती असते. होडी थव्याला अर्धवर्तुळाकार वळसा घालीत जाळे सोडते व दुसरे टोक घेऊन दूरवर किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसे लागतात आणि रापण ओढण्यास प्रारंभ होतो.

पन्नास-साठ माणसे एका तालात दोर ओढतात. दोन-दोन, तीन-तीन तास हे काम चालते. दोन्ही बाजू सारख्या ओढल्या गेल्या पाहिजेत. एक बाजू पुढे गेली, तर जाळे तिरपे होते आणि मासे निसटतात. लहानपणी मीही एकदा या दोराला हात लावला होता. उत्साहाच्या भरात मी इतरांच्या आधीच हिसका दिला. तेव्हा शेजारचे एक वृद्ध आजोबा हसून म्हणाले, "झिला, एकटो ओढू नको. सगळ्यांवांगडा ओढ!" झिला म्हणजे मुला, आणि सगळ्यांवांगडा म्हणजे सर्वांच्या बरोबर. पुढे अनेक वर्षे वर्गात मी मुलांना पुष्कळ काही शिकविले. पण याहून मोलाचे वाक्य मला क्वचितच सापडले.

उजाडता उजाडता खोळ वाळूवर येते. बांगडे, तारल्या, पेडवे चांदीसारखे चमकू लागतात. मग वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्यांचा वाटा. वाटेने जाताना थांबून ज्याने दोराला हात लावला, तोही सहसा रित्या हाताने परतत नाही. श्रमाला वाटा, हा रापणीचा धर्म आहे.

परंतु आता पुष्कळदा खोळ जवळजवळ रिकामीच येते. यांत्रिक नौका थवे किनाऱ्याला लागण्यापूर्वीच पकडतात. लहान पिले व अंड्यांवर आलेले मासेही त्यांतून सुटत नाहीत. या प्रश्नावर गोव्यातील रांपणकारांनी १९७० नंतरच्या दशकात मोठे आंदोलन केले. पुढे गोव्यात १९८० साली व महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारीच्या नियमनाचे कायदे झाले. काही नौका रात्री प्रखर दिवे लावून मासे दूर समुद्रात आपल्याकडे ओढू लागल्या; त्या पद्धतीवर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली. कायदा झाला, तरी तो पाळला जाणे ही निराळी गोष्ट आहे. किनाऱ्यावरून दूरचे ते दिवे दिसले, की रापणकरांच्या मनात धस्स होते.

समुद्र कोणा एकाचा नाही. पिलांना वाढू दिले, तर उद्या मासे मिळतील. आणि आपला वाटा घेऊन दुसऱ्यासाठी उरविले, तर सर्वांना मिळतील. रापणीचा दोर आपल्याला हेच सांगतो. तो एकट्याच्या हिसक्याने येत नाही. सर्वांनी मिळून ओढला, तरच किनाऱ्याला लागतो.